दुसरी बॅटरी

उद्यमनगरात, लेथ घरघरणाऱ्या गल्लीत
इलाही शिकलगारनं बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं.
"एक हाय की चांगली, मॅडम. ही दुसरी कशाला?"

कशाला, ते रूथनं सांगितलं:
फ्रिज. लहान, पत्र्याच्या डब्याएवढा.
त्यात तिच्या इन्शुलिनच्या कुप्या,
आणि जागा उरली तर ताक.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी विंगर.
पिवळ्यावर आम्ही हिरवा मारला, दोन हात,
तरी उन्हात जरा तिरकं उभं राहिलं की
मागच्या दारावर अजून वाचता येतं:
मुले आहेत, अंतर ठेवा.
आम्ही दोघी मिळून एकशे एकवीस वर्षांच्या.

इलाही मला समजावत होता.
"इंजिन चालू झालं की आधी पहिलीचं पोट भरतंय.
तेरा पॉइंट तीनला रिले लागतो, टक्,
मग दुसरीच्या ताटात.
इंजिन बंद केलं, बसलं, की दोघींची फारकत.
रात्री दुसरी कितीबी रिकामी करा,
सकाळी पहिली गाडी उचलणारच."

मी मान हलवत होते.
सांगितलं नाही त्याला, की एकतीस वर्षं मी
टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये काढली.
चोवीस सेल, प्रत्येकी दोन व्होल्ट,
हायड्रोमीटरमधली तरंगती कांडी,
डिस्टिल्ड पाण्याचे कॅन,
आणि ॲसिडची भोकं पडलेले पदर,
जी धुतल्यावरच दिसायची.
वरच्या मजल्यावर रूथ, कानाला हेडफोन,
गडहिंग्लजची वायर सांगलीत खुपसत बसलेली.
गावाची लाइट जायची.
बोलणी चालू राहायची.

"म्हंजे दुसरी कायम मागनं जेवणार," रूथ म्हणाली,
"आमच्या आईगत."
इलाही हसला नाही. वायर कापता कापता म्हणाला,
"लांब बसती न्हवं. म्हणून तिला वायर जाड लागती."
दोन्ही टोकांना फ्यूज, बॅटरीपासून वीतभरावर.
ते त्यानं न सांगता केलं. मला बरं वाटलं.

दिवेलागणीला चावी फिरवली.
रिले लागला. सुटला. लागला. सुटला.
टकटकटकटक,
कुलपाच्या दारावर कुणी थाप मारत राहावं तसा.
त्यानं रिले बदलला. तेच.
हाताखालचं पोरगं सायकलवरून तिसरा घेऊन आलं. तेच.
"मालच डुप्लिकेट यायलाय आजकाल."

मी विचारलं, "अर्थिंग कुठं घेतलंय?"
"बॉडीला."
"बॉडीला, का रंगाला?"

तेव्हा पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं बघितलं.

पॉलिश पेपर घेऊन मीच सीटखाली शिरले.
हिरवा गेला. पिवळा आला.
पिवळ्याशेजारी कुणा पोराचं च्युइंगम,
चिकटवून विसरलेलं, दगड झालेलं.
तेही खरवडलं. त्याखाली तांबडा प्रायमर,
आणि शेवटी, रुपयाएवढा,
उघडा पत्रा.
बोल्ट आवळेस्तोवर मनगट भरून आलं.

टक्.

एकदाच.
इलाहीनं मीटर लावला आणि आकडा न वाचता
मीटरच माझ्याकडं वळवला.
पैसे घेताना म्हणाला, "कुठं होता तुम्ही, मॅडम?"
रूथ म्हणाली, "तळमजल्यावर."

रात्री गाडी रंकाळ्याच्या कडेला लावली.
लांब कुठं जायची छाती अजून नव्हती.
भेळेच्या गाड्या आवरल्या, फिरणारे घरी गेले,
आणि फ्रिज तेवढा बोलत राहिला, बारीक आवाजात.
मध्येच थांबला.
आम्ही दोघी अंधारात, श्वास धरून.
मग घर्रकन पुन्हा सुरू.

"तू झोप," रूथ म्हणाली, उशी भिंतीला लावत,
"मी बघतो बोर्डाकडं."