चोवीसचा रकाना

दिंडोरीच्या पुढं, मोहाडीच्या शिवारात,
डिसेंबरातल्या सकाळी, हात सुन्न,
द्राक्षांच्या मांडवाखाली मी टॅब उघडला.
अभ्यास जिनिव्हाहून आलेला.
पैसा तिकडच्या तीन सरकारांचा,
नाव लांबलचक, त्यात समानता दोनदा येते.
मला दर फॉर्ममागे नव्वद रुपये.

समोर जिवली भोये, सुरगाण्याची.
विरळणी चाललेली. हात वर, मान वर,
कात्री घडात शिरते
आणि हिरवे कोवळे मणी
टपटप माझ्या स्क्रीनवर.

कालचा दिवस सांगा, म्हटलं.
काय केलं, किती वेळ.

ती सांगत गेली, कात्री न थांबवता.
चूल, दीड तास.
हापशावर रांग, दीड तास.
रांगेतच पोराला पाजलं अर्धा तास,
ते निराळं धरायचं का?
बागेत नऊ.
पोर पण नऊच, तारेला झोळी बांधलीय ना,
मधून मधून पायानं झोका.
सरपण दीड, रांधणं दोन.
नवऱ्याच्या पाठीला तेल, फवारणीच्या पंपाचे वळ उठलेत,
अर्धा तास लिही.
झोप पाच.

बेरीज साडेतीस.
टॅब लाल झाला:
दिवसाचे तास चोवीसपेक्षा जास्त असू शकत नाहीत.
कृपया दुरुस्त करा.

ताई, म्हटलं, साडेसहा तास जास्त होतायत.
काहीतरी काढायला लागेल.

तेव्हा कुठं तिनं मान खाली केली.
बघितलं मला.
"मग झोप काढ."

आता हे उत्तर होतं का सल्ला,
मला अजून कळलेलं नाही.
रकान्यातली तिची झोप पुसायची,
का रात्री अकराला सातपूरला
धाकट्याचा युनिफॉर्म भिजत घालून
फॉर्म अपलोड करत बसणाऱ्या माझे
डोळे तिला दिसले होते?

गंगापूर रोडच्या हॉटेलात, प्रशिक्षणात,
दिल्लीचे सर म्हणाले होते:
एका वेळी दोन कामं आली, तर दुय्यम वगळा.

मी पोर वगळलं.
नऊ तास, एका बोटानं.
टॅबनं लगेच विचारलं:
अडीच तास शिल्लक.
विश्रांती की करमणूक?

झोळीत पोर कुरकुरलं.
जिवली दोन ओळी पुढं गेलेली.
टॅब मांडीवर धरून
मी पाय लांब केला
आणि झोका दिला.