उलटा आटा

एल्विनोने ती बगलेतून काढून बाकावर ठेवली.
मऊ रबराची चार चाकं, उंच पोट.
"मेस्त, फातरार चडटा, पूण दांडो वांकडो जाता."

कंपनीचा टाय रॉड, प्लास्टिकचा,
एक्सलच्या पुढे खाली लोंबणारा.
वाटेत जो दगड भेटेल
त्याला आधी कपाळ देणारा.

एकोणीस वर्षं सावर्ड्यात मी टिपरांची स्टिअरिंगं जुळवली.
तिथला दांडा दोघांनी उचलायचा.
हा मी कानावर ठेवला, पेन्सिल ठेवतात तसा,
आणि लेथ पुसायला घेतला.
खाणी थांबल्यापासून त्याच्यावर
बायकोची आमसुलं वाळत होती.

कुटबणच्या धक्क्यावर सहा मिलिमीटरची सळी मिळाली,
मोडीत निघालेल्या ट्रॉलरच्या कठड्यातली,
इतकं मीठ खाऊन न गंजलेली.
अडीचचं भोक, तीनचा आटा.
एका टोकाला सरळ, दुसऱ्याला उलटा.
उलट्या आट्याचा टॅप मडगावात मिळेना,
बेळगावहून आला, नऊ दिवसांनी,
खोक्यावर कुणाच्या तरी तुपाचा डाग.

"उलटो कित्याक?"
असल्या गोष्टी तोंडाने सांगून कळत नाहीत.
दोन्ही टोकांना बॉल जॉइंट बसवले,
सळी त्याच्या हातात दिली, म्हटलं, फिरव.
तो फिरवत राहिला.
मधला दांडा एकाच दिशेने फिरतो
आणि दोन्ही टोकं एकदम जवळ येतात,
दुसरीकडे फिरवा, एकदम दूर जातात.
कोणालाही सोडवून घ्यावं लागत नाही.
एल्विनोचा फोन वाजून वाजून बंद पडला.

दांडा एक्सलच्या वर नेला.
पूर्ण वळणावर तो नकलला घासत होता,
तिथे कानशीने नखाएवढं खाल्लं.
मग रिवणच्या जुन्या चिरेखाणीत गेलो,
जिथे तासलेल्या पायऱ्या पाण्यात उतरतात
आणि कडेला कुणाच्या तरी म्हशी असतात.

चढली. खालून काही अडलं नाही.
पण स्प्रिंग दबली की चाक
आपोआप डावीकडे वळायचं.
रिमोटवर एल्विनोचं बोट हललंसुद्धा नव्हतं.

तेव्हा गुरुदास आठवला.
टिपर नंबर एकतीस, मळक्या टॉवेलचा गुरुदास,
तीनदा आला होता माझ्याकडे:
"खड्ड्यात गेली की आपसूक डावीकडे ओढते रे."
मी म्हटलं, रस्ता बघून चालव.
वर हसलोसुद्धा असेन.
नंतर खाणीच थांबल्या, तो सासरी केप्याला गेला,
आता काजूच्या बागेत राखण करतो म्हणतात.

त्या रात्री मोजलं.
एक दांडा एक्सलला जागेवर धरून ठेवतो,
दुसरा सर्व्होच्या शिंगापासून चाकापर्यंत जातो.
एक शहाण्णव, दुसरा चौऱ्याऐंशी.
एकाचा उतार वेगळा, दुसऱ्याचा वेगळा.
गाडी दबली की दोघं आपापल्या वाटेने झुलत होते
आणि त्यांच्या भांडणात चाक वळत होतं.
नवा कापला. शहाण्णव.
समांतर बसवला, डोळा एक्सलला लावून.
शिंगाखाली दोन वायसर घालावे लागले,
ते काही सुंदर दिसत नाहीत.

रविवारी एल्विनोने तीच पायरी धरली.
डावं चाक दगडात पूर्ण दबलं, उजवं हवेत,
आणि नाक समोर.
एक म्हैस मान वळवून बघत राहिली.
पैसे किती विचारलं त्याने.
मी सळीचे सांगितले, टॅपचे नाही.

एकतीस नंबर अजून उभा आहे
रेल्वेच्या पलीकडे, वेलींनी दारं बांधून टाकलेला.
पुढची चाकं डावीकडे वळलेली, तशीच,
तेरा पावसाळे.
काल पान्हा घेऊन गेलो, खाली सरपटलो.
दांडा दोन्ही बाजूंना गंजाने धरलेला,
वजन टाकलं तरी केसभर हलला नाही.
गाडी कुठेच जायची नाही, मला माहीत आहे.
तरी तेल सोडून आलो दोन्ही टोकांना,
उलट्या आट्याला जरा जास्त.