सदतीस आणि सदतीस

अकरा वर्षं मी त्यांना आरशातच पाहिलं,
पांढऱ्या अँबॅसॅडरच्या आरशात, चष्म्यापासून हनुवटीपर्यंत.
मांडीवरच्या फायली दिसत नसत,
पान उलटल्याचा आवाज तेवढा यायचा.
आता ते पुढे बसतात, माझ्या शेजारी,
माझ्या मुलाच्या मारुतीत. पट्टा मी लावून देतो.
नोव्हेंबर आला की चोडणहून पणजीला जायचं,
तळावलीकर साहेब जिवंत आहेत
हे बँकेला दाखवायला.

फेरीबोटीवर गाडी मी चढवतो, ते पायीच चढतात.
उतारावर पावलं मोजतात :
उं, दोयश, त्रेश.
पोर्तुगीज गेले, पण पाय घसरू नये म्हणून
आकडे अजून त्यांचेच.
एकसष्ट साली सरकार बदललं त्या रात्री
कचेरीतले शिक्के मोजले, कपाटाला कुलूप घातलं
आणि घरी येऊन पेज जेवले, असं म्हणतात.
तिसऱ्या दिवशी नवा अधिकारी आला.
त्याला किल्ली दिली
आणि पावती मागितली.

बँकेतली मुलगी म्हणाली, आजोबा, अंगठा.
यंत्राला अंगठा ओळखू येईना.
पुसून लावला. ओला करून लावला. डावा लावला.
रेघाच राहिल्या नाहीत हो, ती म्हणाली.
तेवढ्यात साहेबांनी खिशातून हिरवं पेन काढून
फॉर्मवरच्या ‘निवृत्तीवेतना’तली वेलांटी ऱ्हस्व केली.
शेवटी डोळा लावला. दिवा लागला.
झालं, एक वर्षाची काळजी नाही, ती हसली.
साहेब हसले नाहीत.
“मुदतवाढ,” मला म्हणाले.

परतीच्या वाटेवर एका वळणाशी
त्यांनी मान नदीकडे फिरवली.
दुसऱ्या बाजूला टेकडी आहे. म्हणजे होती. आता हॉटेल आहे.
तिची फाइल माझ्याच गाडीतून गेली होती,
त्या दिवशी पानं फार उलटली नव्हती.
अठ्ठ्याऐंशीचा श्रावण.
त्याच आठवड्यात माझी रोजंदारी संपली, नोकरी कायम झाली.
सही त्याच पेनाची.

फेरीत या वेळी ते गाडीतून उतरले नाहीत.
खारफुटीकडे बघत म्हणाले,
“फटू, माझी पत्रिका एकोणतीसची. नोंद एकतीसची.
आधीची दोन मुलं गेली होती.
बापाने ठरवलं, हा राहतो का बघू, मग नोंदवू.
दोन वर्षं वाट पाहिली त्याने.
म्हणजे हयातीचा दाखला म्हणशील तर
माझा पहिला तोच.”

मग बराच वेळ इंजिनाची धडधड.
मला वाटलं, झोपले.

“पन्नास साली लागलो. खरी तारीख धरली
तर सत्त्याऐंशीत घरी बसायला हवं होतं.
सदतीस वर्षं चाकरी. त्यानंतरची, आजपर्यंत, सदतीस.
फिट्टंफाट.
मधली दोन सरकारची. मी वापरली.”

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो, गाडी बंद असताना.
घरावरची कौलं, थोरलीचं लग्न,
दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडणारे माझे पैसे
त्याच दोन वर्षांतून आलेले.
विचारावंसं वाटलं, साहेब,
टेकडी कुठल्या रकान्यात लिहायची
आणि मी कुठल्या?
विचारलं नाही.
त्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही
ही सवय मागच्या सीटची,
पुढे आले तरी सुटली नाही.

फळी पडली. मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न दिला.
साहेबांनी पट्टा चाचपला, डोळे मिटले.
“पावती घेतलीस ना?”
मी खिशात हात घातला.
होती.