डावी झडप

ओहोटी लागली की होडी आपणहून कुशीवर निजते.
लिनलिन बेटावर आम्हाला गोदी लागत नाही, चंद्र लागतो.
पाणी परतायला सहा तास,
त्यातला एक मी पाना शोधण्यात घालवला.

होडीचं नाव पोर्फियादा, म्हणजे हट्टी.
डाव्या टाकीवर पळते,
उजव्या टाकीवर जरा वेग दिला की धाप लागते,
मग खोकते, मग गप्प.
"तर डाव्यावरच चालव," रोसामेल मामा म्हणतो,
उलट्या टोपलीवर बसून, माते चोखत.
सिगारेटचं पाकीट मी आधीच त्याच्या खिशातून काढून घेतलंय.

बॅटरीची तार सोडली. फळी उचलली.
टाकीच्या माथ्यावर पितळी झडप, अंगठ्याएवढी.
आत छर्रा, छर्‍यामागे स्प्रिंग.
इंजिन ओढतं तेव्हा छर्रा वाट देतो,
ओढ संपली की दार लावून बसतो.
नळी कुठे तडकलीच, तर टाकीतलं पेट्रोल
गुपचूप होडीच्या पोटात उतरू नये,
एवढंच त्याचं काम.
वर्षानुवर्षं काहीही न होऊ देणं.
असल्या नोकरीत शाबासकी नसते.

उजवी सोडवली. छर्रा हिरवट चिकट्यात रुतलेला,
खारं वारं आणि शिळं पेट्रोल यांनी मिळून शिजवलेला चिकटा.
डावी सुटेना.
एका पान्याने टाकीचा सांधा धरला, दुसऱ्यावर सगळी मी.
करकरली. बोटाचं सालपट गेलं.
फुंकून पाहिलं, आरपार.
उलटी धरून फुंकलं, आरपार.
डोळ्याला लावली:
चिखल, कुत्रं, शिंपले वेचणाऱ्या एर्मिंदाची लाल बादली,
सगळं एका गोलात.
छर्रा नाही. स्प्रिंग नाही.
आतल्या कडेला खिळ्याचे ओरखडे.

"मामा, हे कुणी केलं?"

तो बराच वेळ कोऱ्या समुद्राकडे बघतो.
मग सांगतो, तुटक तुटक.
ऑगस्ट. उत्तरेचं वारं.
तळाशी घोंगडीत तुझी आई, दोन्ही हातांनी फळी धरून.
आचाओचे दिवे दिसतायत आणि इंजिन गप्प.
दातात टॉर्च. छपराचा खिळा.
"साफ कधी करणार? ठोकला आणि काढला."
"आणि नंतर?"
"नंतर तू झालीस. मग झडपेकडे कोण बघतंय."

सत्तावीस वर्षं.
बटाटे नेले, मेंढ्या नेल्या, लग्नाची वऱ्हाडं नेली,
सेनेन काकाची शवपेटी नेली,
तिच्या चारी कोपऱ्यांना पेटत्या मेणबत्त्या,
आणि पायांखाली ही उघडी वाट.
नळी मध्ये दोनदा बदलली,
पण ऐन वेळी कधी तडकली नाही. का, ते नळीलाच ठाऊक.

राग आला. पण काढणार कुणावर?
त्याच भोकातून मीही जगात आलेय.

नव्या दोन झडपा पोर्तो मोंत्तहून मागवलेल्या,
कागदात गुंडाळलेल्या, पेरूच्या बियांसारख्या घट्ट छर्‍यांच्या.
आट्यांना लेप लावला, पेट्रोलला दाद न देणारा.
फीत नाही. फितीचा धागा सुटला तर छर्‍यातच जाऊन बसतो.
बाण इंजिनाकडे. दोनदा पाहिलं.
तिसऱ्यांदा मामाने पाहिलं, चष्मा कपाळावर ठेवून,
म्हणजे पाहिलं नाही.
साबणाचं पाणी मात्र त्यानेच आणलं.
मी पंप दाबत राहिले, तो सांध्यांवर ब्रश फिरवत राहिला.
बुडबुडा नाही.
मग दोघंही वाकून, देवळात वाकावं तसे,
होडीच्या पोटाचा वास घेत बसलो.
ओलं लाकूड, समुद्री शेवाळ. बाकी काही नाही.

पाणी आलं. आधी वरामा हलला,
मग पोर्फियादा सरळ झाली, आळस देऊन.
उजव्या टाकीवर खाडी ओलांडली, पूर्ण वेगात,
डाव्यावर परत फिरले.
जुनी डावी झडप मामाने मागितली. मी दिली नाही.
तो काही बोलला नाही. वाऱ्याकडे पाठ करून म्हणाला,
"नोल्फा, आता ओढू का एक?"

किनाऱ्याला लागल्यावर, म्हटलं.