माया

तिसऱ्या सत्राच्या पहिल्याच तासाला ओफोसुहेने सरांनी
फळ्यावर एक खोड काढलं,
त्यावर आडवी रेघ मारली : एक मीटर तीस.
"छातीची उंची. फिनलंड असो, ब्राझील असो,
की आपलं बोबिरीचं जंगल,
फीत इथेच फिरते,
म्हणून एका रानाचे आकडे दुसऱ्या रानाला कळतात."
मी मागच्या बाकावरून विचारलं, छाती कुणाची, सर?
मला ती रेघ हनुवटीला लागते.
वर्ग हसला. सरही.
असेल कुणातरी उंच माणसाची, सेरवा.
तू हनुवटीशी धर आणि माप.

तर आज कुमासीत, असाफोच्या चढावर,
झाड क्रमांक चारशे सतरा. महोगनी.
शहराच्या झाडगणतीतला माझा आठवडा सहावा.
हरमटानची धूळ इतकी
की कॉलेजची पोलादी फीत डबीतच अडकून बसली,
ओढली तर नुसती कुरकुरते.

झाडाखाली शिलाई मशीन, पायाचं.
पिनामांग मावशी दोन पिढ्यांचे कपडे इथे शिवतेय,
लग्नांचे कमी, मयतीचे जास्त.
तिनं माझी झटापट पाहिली
आणि गळ्यातली फीत काढून दिली,
पिवळी, पहिले चार आकडे पुसलेली.

फीत दीडशेचीच.
दीडशेपाशी तिनं खडूची खूण केली,
मग मी पलीकडून, ती अलीकडून,
खोडाला मिठी मारल्यासारख्या
(ट्रोट्रोच्या खिडकीतून कुणीतरी शीळ घातली)
उरलेले एकशे छत्तीस मोजले.
दोनशे शहाऐंशी. भागिले पाय. एक्क्याण्णव.

मग रकाने.
साल : छातीपर्यंत सोललेली, तापाच्या काढ्यासाठी.
खिळे : अकरा. त्यातला एक
झाडानं निम्मा गिळलाय,
पाद्रीबाबाच्या फाटक्या पोस्टरसकट.
पोकळी : नाही. बुरशी : पूर्वेला, थोडी.
शेरा.
शेऱ्याला जागा दोन बोटं.
तेवढ्यात कसं लिहू
की भर दुपारी या सावलीत
नऊ माणसं, एक बकरी
आणि झोपलेलं एक तान्हं आहे?
खोडाच्या बुंध्याशी लाल फुली.
ती आमची नव्हे. आमचा पत्रा निळा.
ती रस्ता रुंद करणाऱ्यांची.

मावशीला फुली माहीत होती.
तिच्यावर रोज गिऱ्हाइकं थुंकतात, म्हणाली,
पण रंग चांगल्या कंपनीचा आहे.

मी म्हटलं, हे आकडे वर जातील.
वर म्हणजे कुठे?
आधी सरांकडे. मग राजधानीत. मग परदेशातल्या एका यंत्रात,
तिथं जगातल्या शहरांची झाडं एका ओळीत बसतात.
मग?
मग मला पुढचं ठाऊक नव्हतं.
पुस्तकात तिथवरच होतं.

तिनं मशीनच्या खणातून वही काढली.
गिऱ्हाइकांची वही, कोपरे तेलकट,
पानोपानी खांदा, छाती, कंबर, उंची,
आणि पुढे कापड कधी न्यायचं तो वार.
चष्मा चढवून तिनं नव्या ओळीत लिहिलं :
चढावरची महोगनी. छाती दोनशे शहाऐंशी.
खांदा, कंबर यांपुढे रेघा ओढल्या.
वाराच्या जागी पेन थबकलं.
मी फुलीकडे पाहिलं. तिनं नाही पाहिलं.

अंगात भरतंय अजून, ती म्हणाली,
मागच्या वर्षी माझ्या कंबरपट्ट्याची गाठ इथे बसत होती.
आणि वाराच्या जागी,
गुबगुबीत पोरांच्या नावापुढे लिहायची सवय असेल तसं,
तिनं लिहिलं :
वाढतं अंग. माया जास्त सोडावी.

माझ्या अर्जावर शेऱ्याची दोन बोटं
अजून कोरीच होती.
मी तिच्याकडून पेन घेतलं.