झाकण

सहाव्या फेरीला गाडी अडखळते.
पाचवीपर्यंत सरळ, घसा साफ,
मग साडेपाच हजारांवर काटा चढला की
खोकते, मान टाकते,
आणि त्रिशला खिडकीतून पंजा हलवते:
नाही, नाही, नाही.

गोंडखैरीपलीकडचं माळरान, एप्रिल.
सकाळी नऊलाच बॉनेटला हात लावता येत नाही.
शर्यत रविवारी. आज मंगळवार.

प्लग काढले. चुन्यासारखे पांढरे.
पेट्रोल कमी पडतंय, एवढं तर शालिकही सांगतो,
ज्याला गॅरेजात येऊन अजून एक दिवाळी झाली नाही.
जेट एका नंबरनं मोठा घातला.
फिल्टर नवा. पंपाचा पडदा नवा.
कॉम्प्रेशन घेतलं:
एकशे बहात्तर, सत्तर, एकाहत्तर, अडुसष्ट.
चौघे सख्खे भाऊ, चोर कुणीच नाही.
नळीत पेट्रोलची वाफ होत असेल म्हणून
नळीला ओलं गोणपाट गुंडाळलं,
तापकऱ्याच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं.
पाच फेऱ्या. सहावीला तेच.

एमआयडीसीत लोक म्हणतात, हा माणूस कानानं गाडी ओळखतो.
सव्वीस वर्षं मीही तेच म्हणत आलो.

बुधवारी कार्बोरेटर पूर्ण उघडला,
पितळी भाग रॉकेलच्या ताटलीत मांडले,
फुंकून फुंकून ओठांना चव आली.
रात्री हिंगणा टी-पॉइंटला
खसचा कूलर घरघरत होता, खाली टपटप गळत होता,
शालिक म्हणाला, "काका, एक सांगू का?"
मी म्हणालो, "पाना दे."

गुरुवारी पुन्हा माळ. पुन्हा सहावी.
गाडी आत आली, शालिकनं टाकीचं झाकण उघडलं,
पट्टी बुडवून पेट्रोल मोजलं, बारा लिटर.
झाकण लावलं. स्टार्टर मारला.
अगदी गुणी लेकरू.

त्रिशलानं हेल्मेट काढलं.
केस चिकटलेले, पाण्याची बाटली डोक्यावर ओतून म्हणाली,
"तुम्ही दर वेळी काहीतरी बदलता
आणि दर वेळी झाकणही उघडता.
गाडी नेमकी कशानं बरी होऊन राह्यली?"

शालिक पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.
"झाकण उघडलं की फुस्स करते, काका.
सोमवारपासून करून राह्यली.
तेच सांगत होतो मी."

टाकी आत श्वास ओढत होती, आणि तिला हवा नव्हती.
पेट्रोल जाई, जागा रिकामी होई, भरायला काही नसे,
पाच फेऱ्या पंप ओढून घेई, सहावीला हरे.
आम्ही तपासायला झाकण उघडत होतो
आणि दुखणं आमच्याच हातानं पळून जात होतं.

झाकण सैल ठेवून चार फेऱ्या, आठ, बारा.
पंधरावीला मीच थांबवलं. डोळ्यांत धूळ गेली होती, बाकी काही नाही.

गाडीखाली उताणा सरकलो.
मागच्या चाकाजवळ करंगळीएवढी नळी,
तिच्या तोंडावर मातीची गुळगुळीत टोपी,
बोटानं चेपून चेपून बसवलेली जशी.
कुंभारीण माशी.
तारेनं ओढली तर आत खोलीमागे खोली,
प्रत्येकीत कोंबलेले लहान कोळी,
मेलेले नाहीत, हलतही नाहीत,
आणि त्यांच्यावर पिवळट, तांदळाच्या कणीएवढी अळी.

ओली माती तिनं कुठून आणली,
एवढ्या उन्हात, एवढ्या कोरड्या रस्त्यावर?
ते उत्तर मला आधीच ठाऊक होतं.
टप. टप. कूलरखाली.

रविवारी त्रिशला तिसरी आली.
अकराव्या फेरीला वळणावर गाडी फिरली, ते तिचं,
इंजिनाचं नाही, हे तीच सगळ्यांना सांगत होती.

वहीत मी दोन दिवसांचा हिशेब लिहिला:
प्लग, जेट, फिल्टर, पडदा, गोणपाट.
"बिघाड" या रकान्यात लिहिलं: माती.
त्याखाली, जरा बारीक अक्षरात: फुस्स ऐकलं नाही.

शालिकनं नळीच्या तोंडाला चहाच्या गाळणीची जाळी बांधली.
कूलरची गळती अजून काढलेली नाही.
सोमवारी सकाळी शटर वर केलं तेव्हा
ती तिथेच होती, चिखलाशी वाकून,
तोंडात गोळी घेऊन उडाली,
गाडीभोवती एकदा फिरली,
आणि मी पाना हातात धरून
तिचा आवाज ऐकत उभा राहिलो.