दोन बोटं वर

शहाण्णवची मारुती. इंजिनाला काही झालेलं नाही,
ते अजून पहिल्या चावीला खोकतं आणि उठतं.
आतलंच सगळं विटलं होतं:
छताचं कापड ढेरीसारखं खाली आलेलं,
डॅशबोर्डला उन्हानं चीर, चिरेतून मुंग्यांची ये-जा,
आणि माझ्या सीटमधली ती एक स्प्रिंग
जिला माझ्या कमरेचा पत्ता पाठ होता.

कुडचड्यात दोघांनी सांगितलं, नवी घ्या.
तिसरा इनास. तो बोललाच नाही.
टेप लावून सीटच्या पायांमधलं अंतर मोजलं,
आकडा तळहातावर लिहिला
आणि मला स्कूटरवर मागे बसवून भंगारात घेऊन गेला.

मेघश्यामकडे गाड्या एकीवर एक रचलेल्या.
मधून कोंबड्या हिंडतात. एका व्हॅनच्या डिकीत अंडी होती.
दोन दिवस आम्ही स्क्रू सोडवत फिरलो.
दाराच्या मुठी मिळाल्या ओम्नीच्या,
आतला दिवा एस्टीमचा, जरा पिवळा, पण लागतो.
पुढच्या दोन सीटा आल्टोच्या,
काळ्या पाटीवर पिवळे आकडे, कोळव्याला भाड्यानं फिरलेली.

स्पीडोमीटरही बदलला.
त्याच्यावर एकसष्ट हजार.
माझा दोनदा शून्याला जाऊन आलेला.
मी खरा आकडा चिठ्ठीवर लिहिला, तारीख घातली,
पुढच्या खणात ठेवून दिली.
विकताना कुणाला फसवायचं नाही.
विकणार नाही, ती गोष्ट वेगळी.

पट्टेही काढायला लागलो होतो, एका चेपलेल्या गाडीचे.
चांगले दिसत होते.
इनासनं हात धरला.
पट्टा उजेडात ताणून दाखवला:
एका जागी वीण लांबलेली, चकाकी गेलेली,
वीतभर, बस.
"जो पट्टा एकदा कुणाला धरून राहिला, पात्रांव,
त्याला दुसऱ्यांदा विचारू नये."
कुणाला, ते आम्ही मेघश्यामला विचारलं नाही.
पट्टे तेवढे नवे आणले, मडगावहून, पावतीसकट.

दाराचा पत्रा उघडला तर आतून
ओंजळभर लाल माती पडली.
खाणी बंद होऊन इतकी वर्षं झाली,
माझा टिपर गेला, त्याचे हप्ते गेले,
ही इथं बसून राहिली होती, दाराच्या पोटात.
आणि आल्टोच्या सीटा उलट्या केल्या तेव्हा
शिवणीतून रेती, पांढरी, किनाऱ्यावरची,
तिच्यात कुठल्या देशाचं कळेना असं एक नाणं.
इनासच्या पोरानं एकाच झाडूनं दोन्ही झाडलं.
ढीग दारात तसाच होता संध्याकाळपर्यंत.

गिअरची मूठ मात्र मी घरून नेली.
टिपरची. पारदर्शक, आत लाल प्लास्टिकचं फूल.
आटे जुळेनात. इनासनं टेप गुंडाळली,
दोनदा, तीनदा, मग घट्ट बसली,
एवढ्याशा गाडीला एवढी मोठी मूठ.
पोरगा हसला. मीही.

सीटांची भोकं जुळली नाहीत.
खाली पट्टी टाकून नवी पाडावी लागली,
त्यामुळे सीट दोन बोटं वर आली.
"वचूं दी," इनास म्हणाला, "डोकं छताला लागत नाही ना?"

कुंदा बसली. कापडावरून हात फिरवला,
कुणाचं काय, ते विचारत गेली,
मी सांगत गेलो: हे ओम्नीचं, हे त्याचं, हे आपलं.
"आपलं काय राहिलं मग?"
मी चिठ्ठी दाखवली. तिनं वाचली नाही,
चष्मा घरी होता.

सावर्ड्याच्या पुलावर ती एकदम ताठ झाली.
सव्वीस वर्षं ती ह्याच बाजूला बसली,
कठड्याच्या सिमेंटकडे बघत.
"इथून नदी दिसते?"

दिसत होती. खाली एक बार्ज, गंजलेली, रिकामी,
तिच्यावर कुणीतरी वाळत घातलेली चादर.
"हळू घे," ती म्हणाली.
मी हळूच होतो.
मागून कदंब बस हॉर्न देत होती.